लाकडावर उभी गाडी : १९५३ च्या ब्यूक रोडमास्टर इस्टेटचं लाकूडकाम

१९५३ साली ब्यूक या अमेरिकन मोटार कंपनीला पन्नास वर्षं झाली. त्या निमित्ताने आलेली स्कायलार्क आजही जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या तोंडी असते. पाच हजार डॉलरच्या या स्कायलार्क १,६९० बनल्या. त्याच वर्षीच्या, ४,०३१ डॉलर किमतीच्या रोडमास्टर इस्टेट वॅगन (लांब छताच्या, मागे सामानाची जागा असलेल्या गाड्या) मात्र फक्त ६७०. म्हणजे किमतीत ती ब्यूकमध्ये दुसऱ्या क्रमांकाची आणि संख्येत स्कायलार्कच्या निम्म्याहून कमी. तिची धाकटी बहीण सुपर इस्टेट, ती १,८३० निघाली. दोन्ही ओळखायला सोप्या: पुढच्या मडगार्डवर प्रत्येक बाजूला चार गोल छिद्रं असली की रोडमास्टर, तीन असली की सुपर.

ब्यूकचा कारखाना फ्लिंटला, पण वॅगनची बॉडी मिशिगनमधल्याच आयोनिया या छोट्या गावात बनायची. प्लिमथ कंपनीने १९४९ मध्येच पूर्ण पत्र्याची सबर्बन वॅगन आणली होती आणि फोर्डची लाकडी वॅगन १९५१ ला संपली. ब्यूकने १९५३ पर्यंत तग धरला आणि १९५४ ला तीही पत्र्यावर गेली. बॉडीचा भार लाकूड उचलतं अशी ही शेवटची अमेरिकन वॅगन. नंतरच्या वॅगनवर दिसणारं ‘लाकूड’ हा चिकटवलेला छापील व्हिनाइलचा पापुद्रा असतो. तो काढला तरी गाडीला काही होत नाही. इथे लाकूड काढलं की दारं लटकतात आणि मागची बाजू वाकते. अशी एक गाडी आम्ही दुरुस्तीला घेतली, आणि तिचं पुढचं सगळं काम या एका गोष्टीवर ठरलं.

छत आणि खालचा भाग पत्र्याचा, मधल्या चौकटी व्हाइट ॲशच्या आणि चौकटीतले फलक महोगनीचे. ॲश म्हणजे बेसबॉलच्या बॅटीचं, हातोड्याच्या दांड्याचं आणि क्रिकेटच्या स्टंपचं लाकूड. चिवट, लांब रेषांचं, धक्का सोसणारं. सागवान का वापरलं नाही, हा प्रश्न मराठी माणूस हटकून विचारतो. साग पाण्याला ॲशपेक्षा कितीतरी चांगला टिकतो, पण त्याच्या अंगात तेल असतं, त्यामुळे सरस नीट धरत नाही आणि वॉर्निशही लवकर सुटतं. शिवाय फिकट चौकट आणि गडद फलक हाच या गाडीचा चेहरा आहे. साग घातला तर तो चेहराच जातो. ॲशची खोट एकच: ते कुजायला वेळ लावत नाही. ओल धरली की काही वर्षांत आतून भुसा होतो आणि वरून वॉर्निश छान दिसत राहतं.

म्हणून आम्ही पहिल्यांदा हातात घेतली ती आरी, चांभार वापरतात तशी टोकदार. टेलगेटची (मागच्या झडपेची) खालची पट्टी, मागच्या खांबांचे पाय, काचा सरकतात त्या खोबणींचा तळ आणि लाकूड पत्र्याला टेकतं ती प्रत्येक जागा टोचून पाहिली. निरोगी ॲशमध्ये आरी दोन-तीन मिलिमीटरवर अडते. कुजलेल्यात मुठीपर्यंत जाते. टेलगेटची खालची पट्टी या गाड्यांत जवळजवळ नेहमीच गेलेली असते, कारण काचेवरून उतरलेलं पाणी तिथे येऊन थांबतं आणि तळाची निचऱ्याची भोकं धुळीने बुजलेली असतात. बोल्टभोवतीचे काळे डाग पाहून मात्र घाबरू नये. लोखंडाचा गंज, पाणी आणि लाकडातलं टॅनिन मिळून तो रंग येतो. डाग काळा पण लाकूड कडक असेल तर ते वाचतं. पृष्ठभागावर टाचणीएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसली तर तो कीटक आहे. त्या तुकड्याची बाकीच्यांपासून लगेच फारकत करावी.

आता ज्या टप्प्यावर बहुतेक गाड्या बिघडतात तो टप्पा. लाकूड सैल करण्याआधी गाडी चार ठिकाणी स्टँडवर घेतली, चारही बाजूंनी लेव्हल लावली आणि दारांच्या उघड्या जागांत २५ मिलिमीटरच्या चौकोनी लोखंडी नळ्यांचे तिरपे आधार बोल्टने घट्ट केले. मग प्रत्येक चौकटीचे कर्ण मोजले, दोन्ही कर्ण सारखे नसतील तिथे तसं लिहून ठेवलं आणि दारांभोवतीच्या फटी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजून फोटोसह नोंदल्या. हे केल्याशिवाय एकही स्क्रू काढू नये. आधार न देता सगळं लाकूड एकदम उतरवलं तर छत काही मिलिमीटर खाली येतं. नवीन तुकडे जुन्यांवर बेतून अगदी अचूक कापलेले असले तरी मग बसत नाहीत आणि दोष सुताराच्या माथी जातो. एका वेळी एक कोपरा उघडायचा, तो पुरा करायचा, मग पुढचा. याने काम लांबतं, पण शेजारचा न उघडलेला कोपराच पुढच्या मापाचा साक्षीदार असतो.

जुने स्क्रू लोखंडी, सरळ खाचेचे आणि गंजून लाकडाशी एकजीव झालेले. जोर लावला की खाच फाटते. सोल्डरिंगच्या लोखंडाने डोकं मिनिटभर तापवावं, थंड होऊ द्यावं, मग खाचेत घट्ट बसणारा पेचकस घालून आधी थोडा आवळावा आणि नंतर सोडवावा. तापून स्क्रू फुगतो, भोवतालचा गंजाचा थर तडकतो. इतक्यानेही हलला नाही तर पोकळ ड्रिलने भोवतालच्या लाकडासकट काढून त्या भोकात ॲशचीच खुंटी एपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या सरसाने) बसवायची. खुंटीचे रेषे आजूबाजूच्या रेषांना समांतर ठेवले तर वॉर्निशखाली ती शोधावी लागते. नवीन स्क्रूही सरळ खाचेचेच वापरावेत. फुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले की जाणकाराची नजर तिथेच अडकते. आठ नंबरच्या स्क्रूला ॲशमध्ये साधारण ३ मिलिमीटरचं भोक आधी पाडावं आणि पिळ्यांना मेण लावावं, नाहीतर एकतर लाकूड चिरतं किंवा स्क्रू मोडून आत राहतो.

किती बदलायचं आणि किती ठेवायचं यावर आमचं मत ठाम आहे: ठेवता येईल ते ठेवा. सगळं नवीन लाकूड घातलेली गाडी चकचकीत दिसते, पण आयोनियातल्या सुताराने कापलेला तुकडा पुन्हा मिळत नाही. खांबाचा फक्त पाय कुजला असेल तर कुजकट भागाच्या वर पाच सेंटिमीटर निरोगी लाकडात जाऊन तिरका सांधा घ्यावा. तिरकेपणा एकास आठ, म्हणजे ४० मिलिमीटर जाडीला ३२० मिलिमीटर लांब उतार. त्याहून आखूड उतार भाराखाली उघडतो. कुजलेल्या लाकडात पातळ एपॉक्सी मुरवून ‘वाचवणं’ हा उपाय भार न घेणाऱ्या, फलकामागच्या पट्टीपुरता ठीक आहे. बिजागरी किंवा कुलूप धरणाऱ्या तुकड्यात तो चालत नाही. वरून दगडासारखं कडक लागतं, आत स्क्रूला धरायला काहीच नसतं.

नवीन लाकडाची निवड हा स्वतंत्र विषय आहे. मिशिगनमध्ये एके काळी ॲशला तोटा नव्हता. २००२ मध्ये डेट्रॉइट परिसरात आशियातून आलेला एक हिरवा चमकदार भुंगा सापडला, एमराल्ड ॲश बोरर. त्याच्या अळ्या सालीखाली पोखरतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. कोट्यवधी झाडं गेली. चांगलं, जाड, सरळ रेषांचं व्हाइट ॲश आता आधी सांगून ठेवावं लागतं. आम्ही दोन आणि तीन इंची फळ्या घेतल्या, भट्टीत वाळवलेल्या, ओलावा ६ ते ८ टक्के. मीटरने प्रत्येक फळी तपासली, आणल्यावर दोन-तीन आठवडे वर्कशॉपच्याच हवेत पट्ट्या घालून रचून ठेवली. गाभ्याचं तपकिरी लाकूड बाजूला काढलं, कारण मूळ चौकटी फिकट बाहेरच्या लाकडाच्या आहेत. वाढीची कडी मोजावीत: इंचाला आठ-दहा असली तर उत्तम. हिशेबाने लागतं त्याच्या दुप्पट लाकूड आणावं. वक्र तुकडे कापताना निम्मं वाया जातं, आणि कमी पडलं तर दुसऱ्या झाडाची फळी रंगाला जुळत नाही.

वक्र तुकडे मुळात वाफेने वाकवलेले नव्हते. जाड फळीतून कापून फिंगर जॉइंटने, म्हणजे बोटांसारखे दाते एकमेकांत घालून, जोडलेले होते. हे समजून घेतलं नाही तर चूक होते ती अशी: एकाच फळीतून पूर्ण वक्र कापला की वळणाच्या टोकाशी रेषे आडवे पडतात, आणि दार आपटलं की तुकडा तिथेच तुटतो. सांधा नेमक्या त्याच जागी घालून रेषे पुन्हा वळणाच्या दिशेने घ्यायचे असतात. जुना तुकडा कितीही कुजका असो, फेकू नये. त्याच्या पोकळ्या लांबीने (पुट्टीने) भरून मूळ आकार आणावा, त्यावरून ६ मिलिमीटरच्या एमडीएफवर (दाबलेल्या लाकूड-तंतूंच्या फळीवर) साचा काढावा, बँडसॉवर (पट्ट्याच्या करवतीवर) रेघेच्या दोन मिलिमीटर बाहेरून कापावं आणि मग साच्याला लागून चालणाऱ्या राउटरने बरोबर रेघेवर आणावं. राउटर रेषांच्या विरुद्ध दिशेने ओढला तर ॲशचा लांबच लांब सालपा निघतो. वळणावर दिशा बदलावी, शेवटचा हात रंध्याने आणि पटाशीने द्यावा.

डाव्या बाजूचा साचा उलटा करून उजव्या बाजूला वापरण्याचा मोह होतो. या बॉडी हाताने जुळवलेल्या असल्याने दोन्ही बाजूंत काही मिलिमीटरचा फरक असतो. दार गुण्यात (काटकोनात) आहे की नाही हे नंतरचं, आधी ते आपल्या चौकटीत बसतं का ते पाहावं. बाजारात तयार लाकडी संच मिळतात. तेही घासल्याशिवाय बसत नाहीत, आणि त्यात संच बनवणाऱ्याचा दोष नाही.

सरसाबद्दल थोडक्यात. घरगुती फर्निचरचा पांढरा गोंद इथे चालत नाही, कारण सततच्या भाराखाली तो हळूहळू सरकतो आणि उन्हात मऊ होतो. रेसॉर्सिनॉल सरस पाण्याला अजोड आहे, पण फिकट ॲशवर त्याची जांभळट काळी रेघ उमटते. त्याला सांधाही अगदी घट्ट आणि दाबही भरपूर लागतो. आम्ही एपॉक्सी वापरलं. सांधा आधी कोरडा बसवून, दार टांगून, कुलूप लावून पाहिलं. मग दोन्ही बाजूंना पातळ एपॉक्सी पाजलं, पाच-दहा मिनिटं लाकडाने पिऊ दिलं, आणि त्यावर सिलिका घालून घट्ट केलेलं लावलं. क्लॅम्प हलकेच आवळायचा. सुताराचा हात सवयीने जोर लावतो आणि सगळं एपॉक्सी बाहेर निघून सांधा उपाशी राहतो. तपमान २० अंशांच्या आसपास असावं आणि चोवीस तास हात लावू नये.

काळ्या डागांसाठी ऑक्झॅलिक ॲसिड: लिटरभर गरम पाण्यात सुमारे १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यात. जुनं वॉर्निश पूर्ण निघालेलं हवं. डागापुरतंच लावलं तर तिथे पांढरा ठिपका उठून दिसतो, म्हणून सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण तुकड्याला लावावं. सुकल्यावर पाण्याने धुवावं, मग लिटरला दोन चमचे खायचा सोडा घातलेल्या पाण्याने, मग पुन्हा साध्या पाण्याने. नीट न धुतलेले स्फटिक पॉलिश पेपर मारताना नाकात जातात आणि ते विषारी आहेत, त्यामुळे हातमोजे आणि मास्क हवेतच. कॉस्टिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं दोन भागांचं ब्लीच याहून कडक असतं. जुनं आणि नवं ॲश एका रंगावर आणायला ते एकदा वापरावं. पुन्हा पुन्हा लावलं तर लाकूड खडूसारखं निर्जीव होतं. महोगनीला ते लावूच नये. आणि या सगळ्या कामात लोखंडी वूल वर्ज्य. त्याचे तंतू रेषांत अडकून पहिल्या ओलीलाच नवे काळे ठिपके देतात.

महोगनीचे फलक प्लायवुडचे आहेत. नवीन घेताना जलरोधक प्रतीचं प्लाय घ्यावं आणि पुढच्या दारापासून टेलगेटपर्यंतचे सगळे फलक एकाच लॉटमधून, एकामागून एक कापावेत. रेषांची दिशा जुन्या फलकावरून घ्यावी, अंदाजाने नाही. आजच्या प्लायचा वरचा पापुद्रा फार पातळ असतो, जेमतेम अर्धा मिलिमीटर. १८० नंबरचा पॉलिश पेपर जरा जास्त फिरला की खालचा थर उघडा पडतो आणि त्याला इलाज नाही. फलकाच्या कडा एपॉक्सीने दोनदा बंद करायच्या, रंग बसवण्याआधीच द्यायचा आणि चौकटीलाही आधी वॉर्निशचे दोन हात द्यायचे, म्हणजे महोगनीचा लाल रंग ॲशमध्ये उतरत नाही. फलक खोबणीत चिकटवून टाकू नये. सगळीकडे मिलिमीटरभर मोकळीक ठेवून लवचिक सीलंटवर बसवावा.

वॉर्निश हा या कामातला सर्वांत लांबलेला आणि सर्वांत समाधानाचा भाग. पहिली गोष्ट, आणि हीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते: तुकडे बसवण्याआधी त्यांच्या मागच्या, खालच्या, कधीच न दिसणाऱ्या बाजूंना तीन-चार हात द्यायचे. फळी आडवी कापल्यावर जिथे नळ्यांची तोंडं उघडी पडतात तिथे एपॉक्सीचे दोन थर. ॲशच्या नळ्या इतक्या मोठ्या असतात की टोकातून शिरलेलं पाणी तुकड्याच्या मध्यापर्यंत चढतं. स्क्रूच्या भोकांतही काडीने वॉर्निश सोडावं. पुढच्या बाजूला बारा हात देऊन मागची बाजू कोरडी ठेवलेली गाडी तीन-चार पावसाळ्यांत सांध्यांपासून काळी पडायला लागते.

आम्ही घेतलं ते जहाजांवर वापरतात तसं, टंग तेलाचं, अतिनील किरण अडवणारं स्पार वॉर्निश. पहिला हात निम्मं थिनर घालून, दुसरा पाव थिनर घालून, पुढचे जवळजवळ थिनरशिवाय. दिवसाला एक हात, दोन हातांमध्ये ३२० नंबरचा पेपर आणि चिकट फडक्याने धूळ टिपणं. दहा ते बारा हातांनंतर ॲशच्या नळ्या भरून पृष्ठभाग सपाट होतो. हवेत ओलावा सत्तर टक्क्यांवर गेला तर थांबावं, नाहीतर चकाकीवर दुधाळ पडदा येतो. थेट उन्हातही लावू नये. वरची साय लवकर बांधते, आतलं द्रावक अडकतं आणि बुडबुडे येतात. उभ्या कडांवर ओघळ येतो तो ब्रश जास्त भरल्यामुळे. ब्रश एक तृतीयांशच बुडवावा आणि शेवटी नुसत्या टोकाने, न दाबता, रेषांच्या दिशेने फिरवावा.

गाड्यांना मारतात तो दोन भागांचा पॉलियुरेथेन क्लिअर कोट लाकडाला मारण्याची पद्धत बरीच बोकाळली आहे. प्रदर्शनात तो काचेसारखा दिसतो. पण ॲश ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं आणि हा थर फारसा ताणत नाही, त्यामुळे सांध्यांवर केसाएवढ्या चिरा पडतात. त्यातून पाणी आत जातं, बाहेर येत नाही, आणि मग पांढरे फोड. तेव्हा सगळं खरवडण्याशिवाय मार्ग उरत नाही. वॉर्निशचा खराब झालेला भाग तेवढाच घासून पुन्हा भरता येतो. चालवायच्या गाडीला वॉर्निशच द्यावं.

यंत्राचं काम लाकडाच्या आधी उरकावं. ३२२ घनइंची व्ही-८, रोडमास्टरमध्ये १८८ अश्वशक्तीचं. १९५३ हे ब्यूकच्या या इंजिनाचं आणि बारा व्होल्टच्या वायरिंगचंही पहिलं वर्ष. ट्विन टर्बाइन डायनाफ्लो या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची सीलं गळतात. तो काढायचा तर टॉर्क ट्यूबमुळे (मागच्या चाकांकडे जाणारा दांडा ज्यात बंद असतो त्या नळीमुळे) मागचा ॲक्सल मागे सरकवावा लागतो. नव्याने जुळवलेल्या लाकडी बॉडीखाली असली ओढाताण करू नये.

जोडणी पुढून मागे केली. पुढचं दार पुढच्या पत्र्याशी जुळलं की त्याची मागची कड त्यानंतरच्या खांबाची जागा ठरवते, आणि तसंच टेलगेटपर्यंत. फट सगळीकडे आधीच्या नोंदीशी ताडून पाहिली. रबरी सीलं शेवटी बसवली. नवीन रबर जुन्यापेक्षा टणक असतं आणि दार बाहेर ढकलतं. अशा वेळी बिजागरी हलवू नये. आठवडाभर दार बंद ठेवलं की रबर बसतं. टेलगेटच्या तळाची भोकं ८ मिलिमीटरची केली, त्यांच्या आतल्या उघड्या लाकडाला एपॉक्सी लावलं आणि बादलीभर पाणी ओतून ते कुठून बाहेर पडतं ते पाहिलं.

त्या काळी कारखानेही मालकांना दरवर्षी वॉर्निशचा हात द्यायला सांगत, आणि तो सल्ला आजही बरोबर आहे. हिवाळा संपला की आडव्या कडा पाहाव्यात: टेलगेटची वरची पट्टी, खिडक्यांखालच्या पट्ट्या. चकाकी मंद झाली की लगेच ३२० चा पेपर आणि दोन हात. पिवळट किंवा करडं दिसेपर्यंत थांबलं तर लाकडापर्यंत जावं लागतं. धुतल्यावर सांध्यांतलं पाणी फडक्याने टिपून दारं उघडी ठेवावीत. झाकायला प्लास्टिक नको, हवा खेळणारं सुती कापड हवं. मिशिगनच्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या गॅरेजची हवा इतकी कोरडी होते की चांगले सांधेही उघडतात, म्हणून भिंतीवर ओलावा मोजणारं यंत्र लावावं आणि काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांमध्ये राहील एवढी ह्युमिडिफायरची वाफ द्यावी.